डुकरांच्या विषाणूंचा पूर्ण जनुकसंच वाचा : केंद्रीय पशुसंवर्धन मंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय पशुसंवर्धन मंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

डुकरे पटापट मरू लागली की नमुने प्रयोगशाळेत जातात, पीसीआर (विषाणूचा ठरावीक जनुकीय तुकडा शोधणारी चाचणी) होते, 'आफ्रिकन स्वाइन फीवर पॉझिटिव्ह' असा अहवाल येतो आणि उरलेली डुकरे मारून पुरली जातात. या रोगावर उपचार नाही, तेव्हा हे करावेच लागते. पण बहुतेक नमुन्यांचा तपास तिथेच संपतो. विषाणू कुठून आला, वाटेत किती बदलला, हे त्या अहवालातून कळत नाही. ते कळते जनुकसंचातून, म्हणजे विषाणूच्या संपूर्ण आनुवंशिक मजकुरातून, आणि तो वाचण्याची सक्ती आपण अजून कोणावर केलेली नाही.

या विषाणूचा डीएनए सुमारे 1.7 ते 1.9 लाख अक्षरांचा. त्याचा प्रकार मात्र वर्षानुवर्षे पी72 या एकाच जनुकाच्या शेवटच्या तुकड्यावरून ठरवला जातो. 2007 मध्ये जॉर्जिया या देशात शिरलेला 'दुसरा' जनुकीय प्रकार (जीनोटाइप 2) 2018 मध्ये चीनमध्ये आणि 2020 मध्ये आसाम-अरुणाचलात पोहोचला, हा माग काढायला तेवढे पुरले. आता पुरणार नाही. पहिल्या आणि दुसऱ्या प्रकाराच्या संकरातून तयार झालेले विषाणू चीनमध्ये सापडल्याचे 2023 मध्ये प्रसिद्ध झाले. दुसऱ्या प्रकारापासून बनवलेल्या एका लशीला त्यांनी प्रयोगात बऱ्याच अंशी चकवले. एकच जनुक पाहणारी चाचणी अशा संकराला दोन जनकांपैकी एकाचेच नाव देईल, आणि लशीचा निर्णय त्या अर्धवट माहितीवर होईल. मला सर्वांत जास्त भीती याचीच वाटते.

पीआरआरएस या डुकरांच्या प्रजनन आणि श्वसनाच्या विषाणूजन्य आजाराची गोष्ट वेगळी. 2013 मध्ये मिझोराममध्ये त्याची साथ आली. हा आरएनए विषाणू, जेमतेम 15 हजार अक्षरांचा, पण इतका झपाट्याने बदलतो की कालची पीसीआर चाचणी उद्या त्याला ओळखेलच असे नाही.

प्रश्न डुकरांपुरताही राहत नाही. 1998-99 मध्ये मलेशियात निपाह विषाणू डुकरांतून माणसांत आला. सुरुवातीला तो डासांतून पसरणारा जपानी मेंदूज्वर समजला गेला आणि उपाय डासांवर झाले. शंभराहून अधिक माणसे दगावली, दहा लाखांच्या आसपास डुकरे मारावी लागली.

म्हणून विनंती अशी. प्रत्येक नव्या उद्रेकातील निवडक नमुन्यांचा संपूर्ण जनुकसंच वाचणे बंधनकारक करा. जिवंत विषाणूचे काम भोपाळच्या उच्च सुरक्षा प्रयोगशाळेतच राहू द्या. पण निष्क्रिय केलेल्या नमुन्यांचे वाचन ईशान्येतही होऊ शकते, आणि देशातील सर्वाधिक डुकरे तिथेच आहेत. वाचलेली जनुकीय अक्षरांची क्रमवारी तारीख आणि जिल्ह्यासह ठरलेल्या मुदतीत सर्वांसाठी खुली करा. शोधनिबंध छापून येईपर्यंत ती अडकून पडली, तर चालू साथीला तिचा उपयोग शून्य.

आणि नुकसानभरपाई. तुम्हाला हा विषय वेगळा वाटेल, मला तो याच कामाचा पाया वाटतो. दोन-चार डुकरांवर घर चालवणाऱ्या बाईला पैसे वेळेवर मिळतील याची खात्री नसेल, तर ती आजार कळवण्याआधी जनावर विकून मोकळी होईल. तिला दोष कसा देणार? पण मग नमुनाच येत नाही, आणि विषाणू त्या जनावराबरोबर पुढच्या जिल्ह्यात जातो. भरपाईची मुदत ठरवा, आणि तिच्या जनावराच्या नमुन्यात काय सापडले ते तिच्या भाषेत तिला कळवण्याची जबाबदारी पशुवैद्यकीय अधिकाऱ्यावर टाका.

आपली,
विषाणूंचा अभ्यास करणारी एक पशुवैद्यक