फोन तूच कर

रामबाग, इंदूर
मकरसंक्रांत

प्रिय अनंता,

सप्रेम नमस्कार. तिळगूळ पोस्टाने पाठवत नाही, तुमचे ऑस्ट्रेलियातले कस्टमवाले उघडून बघतात. गोड बोलणंही आज जमायचं नाही, कारण तुझं पत्र वाचून चिडलोय.

सुधावहिनी न्हाणीत घसरल्या, तुझा गुडघा ऐकत नाही, सूनबाई नोकरी सांभाळून दोघांचं करते. आणि तू लिहितोस, सरकारकडे मदत मागितली तर निखिलच्या अंगाशी येईल. कोणी सांगितलं तुला? पालक-व्हिसाच्या वेळी त्याने १० वर्षांची हमी दिली ती सेंटरलिंकच्या, म्हणजे तिथल्या सरकारी भत्ते देणाऱ्या खात्याच्या, काही भत्त्यांपुरती. घरी मदतनीस येण्याचा तिच्याशी संबंध नाही. पेन्शनला १० वर्षांचा रहिवास लागतो हे खरं, पण पेन्शन वेगळी आणि एज्ड केअर, म्हणजे म्हाताऱ्यांच्या देखभालीची मदत, वेगळी. जन्म बँकेत काढलास, बचत खातं आणि कर्जखातं कधी एकत्र केलं होतंस का?

हे मला ठाऊक ते सिडनीच्या दादा-वहिनींमुळे. त्यांची कहाणी ऐकच. किती मदत लागते ते तपासायला, म्हणजे असेसमेंटला, बाई घरी यायच्या होत्या. वहिनी पहाटेच उठून तयार, काठी सोफ्यामागे दडवलेली. बाईंना बसवलं, भिंत धरत धरत स्वतः चहा केला, इथून नेलेली लवंगाची सेव बशीत काढली. आंघोळ स्वतः करता? हो. जिना चढता? हो हो. दादा गप्प. पाहुण्यापुढे रडगाणं गायचं नाही, ही आपली शिकवण ना! मंजूर काय झालं, तर अधूनमधून झाडूपोछा. पुढे वहिनी पडल्या तेव्हा पुन्हा तपासणी मागितली. त्या वेळी दुभाषी घेतला, मुलाला बाहेर पाठवलं, आणि वहिनींनी पहिल्यांदा सांगितलं की दादांनी धरल्याशिवाय टबाच्या काठावरून पाय पलीकडे पडत नाही. मग मिळाले भिंतीला धरायचे दांडे, आंघोळीला बाई आणि फिजिओ.

तेव्हा निखिलला दुभाषी करू नकोस. पोरगा गुणी आहे, पण लघवीचं, आंघोळीचं सुधावहिनी त्याच्यासमोर बोलायच्या नाहीत, आणि बोलल्या तरी तो निम्मं गाळेल. ही मदत मागायची ती सरकारच्या 'माय एज्ड केअर'कडे, नंबर १८०० २०० ४२२. इंग्रजी जड वाटलं तर आधी १३१ ४५० वर दुभाषी-सेवेला फोन कर, मराठी सांग, तेच पुढे जोडून देतात. पैसे पडत नाहीत. निखिलला 'रजिस्टर्ड सपोर्टर' म्हणून नोंदव, म्हणजे कागदपत्रं त्यालाही दिसतील. निर्णय मात्र तुमच्या दोघांचाच राहतो. एज्ड केअरच्या नव्या कायद्यात हे स्पष्ट आहे, आणि मला त्यातलं हेच सगळ्यात आवडलं. आपल्याकडे एकदा पोराच्या घरी गेलं की म्हाताऱ्याचं मत कोण विचारतं!

वहिनींना अलीकडे इंग्रजी सुचत नाही म्हणतोस. डिमेन्शियात नंतर शिकलेली भाषा बऱ्याचदा आधी निसटते. तसंच असेल असं नाही, पण वयावर ढकलू नकोस, जीपीला, तुमच्या नेहमीच्या डॉक्टरला, सांग. आणि मदतनीस मराठी मिळते का विचार. नाही मिळाली तर हिंदी. आपण इंदूरवाले, आपल्याला काय फरक पडतो!

पैशांचं थोडक्यात. १ नोव्हेंबर २०२५ पासून घरच्या मदतीची योजना 'सपोर्ट ॲट होम' झाली. नर्स आणि फिजिओ सरकारी खर्चाने. आंघोळ, साफसफाई यांत आपला वाटा, तो उत्पन्न आणि मालमत्ता बघून ठरतो. इथला तुझा फ्लॅट आणि एफडी त्यात दाखवावी लागेल. लपवायची नाही, मॅनेजर होतास! व्हॅल्युएशनचा कागद लागला तर कळव, मी करून घेतो. सूनबाईला 'केअरर गेटवे'चं सांग. तिथे काळजी घेणाऱ्यालाही मदत मिळते, तिला चार दिवस सुटी मिळावी म्हणून दुसरं माणूस देतात. ती स्वतःहून मागणार नाही, तूच काढ विषय.

बाकी इथलं ठीक. सत्तरीवाल्यांचं आयुष्मान कार्ड काढलं, ५ लाखांपर्यंत हॉस्पिटलचं बघतात. पण घरी येऊन कुणी पाठ चोळून देईल म्हणशील तर नाही. रामबागेतले निम्मे वाडे पाडले, त्या जागी इमारती आल्या आणि त्यांत एकेकटी म्हातारी माणसं. पोरं पुण्यात नाहीतर तुमच्याकडे.

मंजुरी मिळाली तरी प्रत्यक्ष मदत सुरू व्हायला रांग असते, दादांचे महिने गेले. म्हणून फोन याच आठवड्यात कर, शनिवारी दहा ते दोनही चालू असतात. काठी दिसेल अशी ठेवायची आणि चहा निखिलने करायचा, हे वहिनींना वाचून दाखव.

रविवारी तुमच्या दुपारी फोन करतो, माझे पोहे-जिलबी आटोपली की.

तुझा,
वसंता