चुकीच्या नावाचे वटवाघूळ

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत सलीम अलींच्या नावाचे फळभक्षी वटवाघूळ आणि मादागास्करचा पट्टेदार शेपटीचा लेमूर या दोन संकटग्रस्त प्राण्यांची तुलना वाचली. लेमूरला अर्धे पान मिळाले आणि वटवाघळाला पोस्टाच्या तिकिटाएवढे छायाचित्र, तेही दुसऱ्याच जातीचे. ते शेपूट पाहूनच कळले, कारण या जातीला बाहेर दिसणारे शेपूट नसतेच. १९४८ साली तमिळनाडूच्या डोंगरात मिळालेला याचा नमुना मुंबईत बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) या संस्थेच्या संग्रहात भलत्याच नावाने पडून होता आणि थायलंडचे प्राणिशास्त्रज्ञ कित्ती थोंगलोंग्या यांनी १९७२ मध्ये त्याला स्वतंत्र नाव दिले. आपण पुन्हा जुनी परंपरा सुरू केलीत, याबद्दल अभिनंदन.

तुलना करायचीच होती, तर आय-आय या लेमूरशी करायची. लांब, काडीसारख्या मधल्या बोटाने खोड ठोकून आतली अळी हुडकणारा हा निशाचर मादागास्करच्या अनेक गावांत अपशकुनी मानला जातो आणि दिसताच मारला जातो. वटवाघळाचे नशीब त्याच्याशी जुळते; देखण्या शेपटीवाल्याशेजारी बसवून त्याला कुरूप ठरवण्यात काय साधले?

हे मी ऐकीव सांगत नाही. २०२० च्या टाळेबंदीत, वटवाघळे करोना आणतात म्हणून, आमच्या सोसायटीने अशोकाची रांग कंबरेपर्यंत छाटली. ती वटवाघळे साधी होती, दुर्मीळ नव्हती, हे मान्य. परंतु दुसऱ्या दिवशी भर उन्हात एक मादी, पोटाशी पिलू बिलगलेले, जिन्याच्या जाळीला लटकून होती आणि चिटणीस महाशय तिच्यावर पाण्याचा पाइप रोखून उभे होते. मी हात जोडले, तर "काका, मग तुमच्या घरी न्या" असे उत्तर मिळाले. अर्थात, २०२२ ची दुरुस्ती होईपर्यंत वन्यजीव कायद्यानेच बहुतेक फळभक्षी वटवाघळांना उपद्रवी म्हणून कावळे-उंदरांच्या पंगतीला बसवले होते, तेव्हा एकट्या चिटणीसांना काय बोलणार?

आणखी एक. त्याच पुरवणीच्या शेवटच्या पानावरील वास्तुविषयक सदरात, घरात वटवाघूळ शिरणे हे मृत्यूचे लक्षण असल्याचे सांगून वर शांतीचा उपायही दिला आहे. योग्य छायाचित्र येत्या रविवारी छापणार असाल, तर ते निदान त्या सदराशेजारी छापू नये, ही नम्र विनंती.

आपला,
एक जुना वाचक, ठाणे