‘एकच मार्ग’ म्हणजे नेमके काय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

धर्मांतराचा विषय निघाला की पत्रांच्या पानावर दोन वाक्ये हमखास येतात. ‘ख्रिस्ती धर्म सांगतो, बाकीचे सगळे नरकात जाणार’ हे एक, आणि त्यावर उत्तर म्हणून ‘शेवटी सगळे धर्म एकच सांगतात’ हे दुसरे. पहिल्या वाक्यात दोन वेगळे दावे एकत्र कालवले जातात. ख्रिस्त हाच एकमेव तारणारा, हा एक दावा. ख्रिस्तसभेबाहेर (म्हणजे चर्चबाहेर) कोणाचेच तारण, म्हणजे पापातून सुटका, नाही, हा दुसरा. पहिला दावा कॅथलिक ख्रिस्तसभेने कधीही सोडलेला नाही. दुसऱ्याचा अर्थ मात्र शतकानुशतके बदलत गेला.

‘ख्रिस्तसभेबाहेर तारण नाही’ हे सूत्र तिसऱ्या शतकातल्या कार्थेजच्या बिशप सिप्रियन यांचे. त्यांचा रोख होता ख्रिस्तसभेतून फुटून वेगळी चूल मांडणाऱ्या ख्रिस्ती लोकांवर. 1302 मध्ये पोप आठवे बोनिफेस यांनी पोपच्या आज्ञेत राहणे तारणासाठी आवश्यक असल्याचे जाहीर केले, तेव्हा भांडण चालले होते फ्रान्सचा राजा चौथा फिलिप याच्याशी, सत्ता कोणाची यावरून. हिंदू-बौद्धांचा तिथे काही संबंध नव्हता. पण म्हणून ‘इतर धर्मीयांविषयी असे कधी म्हटलेच नाही’ हा काही ख्रिस्ती मित्रांचा बचावही टिकत नाही. ख्रिस्तसभेच्याच फ्लॉरेन्स परिषदेच्या 1442 च्या फर्मानात मूर्तिपूजक, यहुदी, पाखंडी आणि फुटीर अशी नावे घेऊनच, मरणापूर्वी ख्रिस्तसभेत न आलेल्यांना अनंत अग्नी सांगितला आहे. ते वाक्य आहे, ते मान्यच करावे लागते.

पुढे अडचण भूगोलाने आणली. अमेरिका खंड सापडला आणि ज्यांच्या कानावर येशूचे नावही पडले नव्हते अशी लाखो माणसे समोर उभी राहिली. न ऐकल्याचा दोष त्यांच्या माथी कसा मारायचा? या प्रश्नावर धर्मपंडितांनी बराच काळ डोके खपवले. 1863 मध्ये पोप नववे पायस यांनी लिहिले की ज्यांचे अज्ञान टाळण्यासारखे नव्हते आणि जे प्रामाणिकपणे जगतात, त्यांना देवाच्या कृपेने शाश्वत जीवन मिळू शकते. त्याच पत्रात जुने सूत्रही त्यांनी कायम ठेवले, हे विसरू नये. 1949 मध्ये रोमच्या धर्मश्रद्धाविषयक कार्यालयाने बोस्टनच्या आर्चबिशपांना पत्र धाडले. तिथले फादर लेनर्ड फीनी ते सूत्र अक्षरशः लावत होते. पत्राने सांगितले, हे वाचन चूक आहे. ख्रिस्तसभेत येण्याची मनातली इच्छा, अगदी अव्यक्त असली तरी, तारणाला पुरू शकते. फीनी हटले नाहीत, बोलावूनही रोमला गेले नाहीत, आणि 1953 मध्ये त्यांना बहिष्कृत केले गेले. कारण कागदोपत्री अवज्ञेचे. तरी ‘बाहेर कोणी तरत नाही’ म्हणणारा माणूसच बाहेर पडला, यातली गंमत लपत नाही.

जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1964 मध्ये ‘लुमेन जेंतियुम’ या ख्रिस्तसभेविषयीच्या दस्तऐवजाच्या 16 व्या परिच्छेदात, न ऐकलेल्यांनाही तारण मिळू शकते, हेच परिषदेच्या अधिकाराने मांडले. त्याच परिषदेच्या, इतर धर्मांविषयीच्या 28 ऑक्टोबर 1965 च्या ‘नोस्त्रा एताते’मध्ये हिंदू आणि बौद्ध धर्मांचा नावाने उल्लेख आहे, या धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे त्यातले काहीही ख्रिस्तसभा नाकारत नाही, असे तिथे म्हटले आहे. बाजूने मते 2221, विरोधात 88. पुष्कळ लेखक इथेच थांबतात, आणि घोळ इथेच होतो. कारण व्हॅटिकनच्या 2000 सालच्या ‘दोमिनुस येसुस’ या जाहीरनाम्याचा 22 वा परिच्छेद म्हणतो की इतर धर्मीयांना देवाची कृपा लाभू शकते, पण वस्तुस्थिती पाहता त्यांची अवस्था गंभीरपणे उणी आहे. हे वाचून वाईट वाटणे स्वाभाविक आहे, पण ‘सगळे नरकात’ हे त्याचे भाषांतर नव्हे.

या वादाची झळ भारतात काम केलेल्यांनाही लागली. भारतात छत्तीस वर्षे राहिलेले बेल्जियन जेझुइट (येशू संघाचे धर्मगुरू) जॅक द्युपुई यांच्या धार्मिक बहुविधतेवरील ग्रंथात संदिग्धता असल्याची सूचना रोमने 2001 मध्ये काढली. मुंबईत जन्मलेले, लोणावळ्याच्या साधना संस्थेचे जेझुइट अँथनी डिमेलो यांच्या लेखनावर 1998 मध्ये रोमचा ठपका आला, तो त्यांच्या मृत्यूनंतर अकरा वर्षांनी.

प्रॉटेस्टंटांत पोप नाही, त्यामुळे एक उत्तरही नाही. सुवार्तावादी (इव्हँजेलिकल) प्रॉटेस्टंटांचा 1974 चा लोझान करार ख्रिस्ताच्या अनन्यतेवर ठाम आहे, तर प्रॉटेस्टंटांतलेच उदारमतवादी तो दावाच बाजूला ठेवतात. आपल्याकडे रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 1917 मध्ये साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभारला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही ख्रिस्तभक्त होते. ख्रिस्ताशिवाय तारण नाही, यावर टिळक ठाम होते. दारातला उंबरा तेवढा त्यांनी खाली आणला.

राहिले ‘सगळे सारखेच’. येशू क्रुसावर मरण पावला, हा ख्रिस्ती श्रद्धेचा कणा. कुराणाची चौथी सुरा (आयत 157) त्याला क्रुसावर चढवल्याचेच नाकारते. बौद्ध मत जगाचा निर्माता ईश्वर मानत नाही. यांतले एक खरे असेल तर दुसरे तसेच्या तसे खरे असू शकत नाही. ‘सारखेच’ म्हणणारा तिघांनाही सांगत असतो की तुमचा मुद्दा तुम्हालाच कळला नाही. म्हणजे अनन्य सत्याचा दावा त्यानेही केलाच.

योहान 14:6 उद्धृत करताना (‘मार्ग, सत्य व जीवन मीच आहे’) एवढे तरी ध्यानात घ्यावे की ते शेवटच्या भोजनाच्या वेळी, ‘मार्ग आम्हाला कसा ठाऊक असणार?’ या थोमाच्या प्रश्नाला दिलेले उत्तर आहे. ‘व्हॅटिकन म्हणते’ असे छापताना दस्तऐवजाचे नाव, साल आणि परिच्छेद क्रमांकही द्यावा, ही विनंती. 1442 चे आणि 1965 चे वाक्य एकाच अवतरणचिन्हात आले, तर वाचकाने समजायचे काय?

आपला,
एक वाचक, वसई