मुळशीकडच्या ओढ्यावरची पाण्याच्या उंचीची पट्टी वाचणाऱ्या काकांस

काका, सप्रेम नमस्कार.

सकाळी ८ची एक नोंद करून वही मिटली असतीत, तरी कुणी काही म्हटलं नसतं. पण २५ चौरस किलोमीटरच्या घाटातल्या ओढ्याला पूर चढतो नि तीन-चार तासांत उतरतो. दिवसाच्या एका आकड्यात तो सापडतच नाही. चढत्या पाण्यात दर १५ मिनिटांनी तुम्ही पट्टी वाचलीत, म्हणून पुराचा माथा हाती लागला. मनापासून आभार.

त्याहून मोठं काम केलं तुमच्या शेऱ्यांनी. ‘पट्टीपाशी वीतभर गाळ.’ तळ वर आला की तेवढ्याच प्रवाहाला पट्टी जास्त उंची दाखवते आणि पातळीवरून काढलेला विसर्ग, म्हणजे दर सेकंदाला वाहणारं पाणी, फुगतो. पावसावरून पुराचा हिशेब करणारं आमचं संगणकी मॉडेल तो फुगवटा जमिनीच्या माथी मारतं, कर्व्ह नंबर (जमिनीवरून किती पाऊस वाहून जातो ते सांगणारा आकडा) वाढवून आकडे जुळवतं. जुळलेले दिसतात, हीच पंचाईत! त्या तारखेपासून पातळी-विसर्गाचा आलेख नव्याने काढला.

दुसरा शेरा: ‘वरच्या अंगाची खाचरं बुजवली, प्लॉट पाडले.’ १०० मिमी पावसात कर्व्ह नंबर ७० धरला तर सुमारे ३३ मिमी वाहून जातं, ८० धरला तर ५०. त्यामुळे आधीच्या आणि नंतरच्या पुरांना एकच नंबर लावून चालत नाही. पावसाळाभर उपग्रहाच्या साध्या छायाचित्रांत बहुतेक ढगच दिसतात. बदलाची तारीख तुमच्या वहीतूनच घेतली. शिवाय खाचराच्या बांधाआड १० सेंमी पाणी थांबलं तरी हेक्टरी १००० घनमीटर होतं. हा साठा मॉडेलमध्ये वेगळा घातला आणि बुजलेल्या खाचरांपुरता काढून टाकला.

आता एक मागणं. प्रत्यक्ष विसर्ग सव्वा मीटर पातळीपर्यंतच मोजलेला आहे, त्यावरचा आलेख अंदाजाने ओढलेला. पूर ओसरला की झाडांवर अडकलेल्या पालापाचोळ्याच्या उंचीला तैलरंगाची खूण करा. १०० मीटरच्या सरळ पट्ट्यात निदान तीन ठिकाणी. पाण्याचा उतार, काटछेद (पात्राचा आडवा छेद) आणि मॅनिंगचा खडबडीतपणा (पात्र पाण्याला किती अडवतं त्याचा आकडा) यांवरून माथ्याचा विसर्ग काढता येतो. पुरात उतरू मात्र नका. पाण्यात नारळ टाकून तो मोजलेलं अंतर किती वेळात जातो, हे काठावरून टिपलंत तरी पुरे. पृष्ठभागाचा वेग सरासरीहून जास्त असतो, तो आम्ही ०.८५ ने गुणून घेऊ.

रंगाचा डबा आणि दोन कोऱ्या वह्या सोबत पाठवल्या आहेत.

आपले,
या ओढ्याचा हिशेब मांडणारे आम्ही सगळे