कुणकेश्वरची लाईन नावानिशी दाखवणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेलो, तर "अहो, त्यात काय एवढं" म्हणून आपण विषयच बदललात. हे पत्र सर्वांसमक्ष लिहितो आहे, ते आपल्याला मध्येच तोडता येऊ नये म्हणून.

देवगड तालुक्यात छोटी इंटरनेट सेवा चालवणाऱ्याचा पावसाळा कसा जातो, हे आपल्याला सांगायला नको. आपणही याच किनाऱ्यावरच्या. खारा वारा वर्षभर कनेक्टर खातो आणि उरलेसुरले काम जूनमधल्या विजा करतात. अशा रात्री देखरेखीच्या स्क्रीनवर लाल अक्षरांत केवळ 'ईथ-थ्री डाउन' (यंत्राची 'ईथ-थ्री' नावाची जोडणी बंद) एवढेच उमटले, तर मिठबावची लाईन गेली की कुणकेश्वरची, हे ड्युटीवरच्या पोराने ओळखावे कसे? ज्या गृहस्थांकडे आमच्या वार्षिक देखभालीचे कंत्राट होते, त्यांना आम्ही हे वारंवार विचारले. "लिनक्सच्या डब्यात एवढंच दिसणार, नावं हवी असतील तर महागडे राउटर घ्या," हे त्यांचे ठरलेले उत्तर. (डबा म्हणजे राउटरचे काम करणारा आमचा लिनक्स प्रणालीवरचा संगणक.) बिल मात्र एप्रिल उजाडला की न चुकता हजर.

इंटरफेसला, म्हणजे जोडणीला, यंत्राने दिलेले नाव आणि माणसाने लिहिलेले वर्णन यांसाठी एसएनएमपीत (यंत्रांची स्थिती दुरून विचारण्याच्या पद्धतीत) दोन वेगळे रकाने आहेत, त्यातला दुसरा 'इफएलियास', आणि 2000 सालच्या आरएफसी 2863 या इंटरनेटच्या मानक दस्तऐवजात तो स्पष्ट नमूद आहे, हे आम्हाला प्रथम आपल्याकडून कळले. आमच्या डब्यांवर नेट-एसएनएमपी, म्हणजे ही माहिती पुरवणारा प्रोग्राम (एजंट), तो रकाना रिकामाच पाठवत होता. त्या रकान्याची विचारणा आली की एजंटने उत्तर एका छोट्या स्क्रिप्टकडून घ्यावे, अशी 'पास-पर्सिस्ट'ची एक ओळ आपण घातलीत. शिवाय वर्णन इंटरफेसच्या क्रमांकाशी न बांधता 'ईथ-थ्री' या नावाशी बांधलेत, कारण मशीन पुन्हा सुरू झाल्यावर तो क्रमांक बदलू शकतो. ही दूरदृष्टी त्या कंत्राटात कुठल्याही कलमाखाली मिळाली नसती.

पण ताई, माझ्या मनात घर करून राहिली ती वेगळीच गोष्ट. सगळे आपल्याला दुरूनच दोन मिनिटांत उरकता आले असते. लॉगिन आम्ही देऊन ठेवलेच होते. आपण ते वापरले नाहीत. रात्रपाळीच्या पोराला फोनवर घेतलेत आणि म्हणालात, "मी नाही, तूच टाइप कर. मी थांबते." तो एकेक अक्षर शोधत होता, चुकत होता, खोडत होता, आणि आपण पलीकडे शांतपणे थांबला होतात. एकदाही "दे इकडे" म्हणाला नाहीत. शेवटी तो ओरडला, "ताई, कुणकेश्वर दिसता हा!" तेव्हा आपण हसलात, ते मला बाजूला ऐकू आले. स्क्रिप्टच्या माथ्यावर मराठीत टिपा लिहून ठेवल्यात आणि नावांची यादी वेगळ्या साध्या फाइलीत ठेवलीत, तीही याच पोरांसाठी.

ज्ञान असणारी माणसे या धंद्यात पुष्कळ भेटतात. मात्र समोरचा आपल्यावर अवलंबून राहू नये, अशी काळजी घेणारी विरळाच. पुष्कळांचे तर पोटच त्या अवलंबून राहण्यावर चालते, आणि म्हणून ज्ञानाची वही कधी उघडून दाखवली जात नाही. आपण फी घेतली नाहीत, यापेक्षा वही आमच्या हाती दिलीत, याचे मोल मला अधिक वाटते.

परवा आचऱ्याची नवी लाईन जोडली, तिचे वर्णन त्याच पोराने परस्पर भरले. रकान्याची मर्यादा 64 अक्षरांची, हे त्याच्या ध्यानात होते. जवळच्या वायरमनचे नावही त्याने त्यात बसवले आहे. रोमन लिपीतले त्याचे स्पेलिंग तेवढे आपण एकदा पाहावे, ही विनंती.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
देवगडचा एक इंटरनेट व्यावसायिक