शब्द मोजू नका, बाळाला बोलू द्या

मा. संपादक,
स. न.

‘मुलांशी सतत बोला, जितके जास्त शब्द कानावर पडतील तितकं मूल हुशार’ असे सल्ले हल्ली पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज फिरतात. सोबत एक आकडा हमखास असतो. गरीब घरातलं मूल शाळेत जाण्याआधीच सुखवस्तू घरातल्या मुलापेक्षा तीन कोटी शब्द कमी ऐकतं म्हणे. माझी सगळी नोकरी एकात्मिक बालविकास सेवा योजनेत मुख्यसेविका म्हणून अंगणवाड्यांना भेटी देण्यात आणि माता-पालक सभा घेण्यात गेली. त्यामुळे हा आकडा वाचला की मला राहवत नाही.

अमेरिकेतल्या कॅन्सस भागातल्या ४२ कुटुंबांच्या पाहणीवरून हा हिशेब मांडला गेला आणि १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. महिन्यातून एकदा तासभर घरी जाऊन बोलणं टिपायचं, अशी ती पाहणी होती. त्या ४२ घरांत सरकारी मदतीवर जगणारी घरं फक्त ६. पुढे दुसऱ्या संशोधकांनी आजी, भावंडं, शेजारीपाजारी अशा सगळ्यांचं बोलणं मोजलं, तेव्हा एवढी मोठी तफावत त्यांना सापडली नाही. आपल्या वस्त्यांवरचं बाळ तर दिवसभर कुणाच्या ना कुणाच्या कडेवर असतं. त्याच्या आईला ‘तुमच्यामुळे मूल मागे पडतंय’ असं सुचवणं मला अन्यायाचं वाटतं.

अमेरिकेतच २०१८ मध्ये चार ते सहा वर्षांच्या ३६ मुलांवर झालेला अभ्यास जास्त कामाचा आहे. मुलानं किती शब्द ऐकले यापेक्षा मोठ्यांशी त्याची बोलाचाली किती वेळा झाली, म्हणजे तू बोल, मग मी बोलतो असं किती झालं, याचा संबंध मेंदूतल्या भाषेच्या भागाच्या कामाशी अधिक दिसला. मूल गरीब घरातलं असो की श्रीमंत, हा संबंध टिकून होता. बोलाचाली करायला पैसे लागत नाहीत, वेगळा वेळही लागत नाही.

वाई तालुक्यातल्या एका घरी पाहिलेलं सांगते. आई ओट्यावर बसून शेंगा फोडत होती, जवळ अडीच-तीन वर्षांची लेक. एक शेंग पोकळ निघाली. लेक म्हणाली, “हिच्यात कोणीच नाही.” आईचे हात चालूच होते. तिनं विचारलं, “कुठं गेले गं मग दाणे?” पोरगी विचारात पडली. आई गप्प राहिली, उत्तर सुचवलं नाही. बऱ्याच वेळानं उत्तर आलं, “बाजाराला गेले.” “एकटेच?” “नाही, आज्जीबरोबर.” मग त्या दाण्यांनी बाजारातून काय काय आणलं ते सुरू झालं, आणि शेंगांचं सूप संपेपर्यंत ते चाललं. त्या आईनं बालमानसशास्त्राचं एक पानही वाचलेलं नव्हतं. पण लेकीला शब्द जुळवायला जो वेळ लागतो तो तिनं दिला, आणि मला सगळ्यात मोल वाटलं ते त्या थांबण्याचं. आपण मोठी माणसं प्रश्न विचारतो आणि मूल तोंड उघडायच्या आत उत्तरही देऊन टाकतो.

शिकलेल्या घरांत मला उलटं दिसतं. तिथं बोलणं भरपूर, पण त्यातली निम्मी परीक्षा असते. हा कोणता कलर? काऊ कसं ओरडतं? काकांना पोएम म्हणून दाखव. मुलाला माहीत असतं की समोरच्याला उत्तर आधीच ठाऊक आहे, मग त्यानं मनापासून का सांगावं? उरलेली निम्मी हुकूमनामा. चल, बस, खा, हात धू, सांडू नकोस. भातुकलीतसुद्धा आपण शिरतो ते चुका काढायला. “अगं, आधी पाणी उकळायचं, मग चहा पावडर.” तिच्या कपातला चहा पिऊन “साखर जरा कमी पडली हं” म्हटलं, तर ती लगेच साखर आणायला धावेल आणि वाटेत दुकानदाराशी भांडूनही येईल. खेळ तिचा आहे, आपण पाहुणे म्हणून जावं.

बोबड्या बोलाची काळजी करणारे पालकही फार भेटतात. दीड-दोन वर्षांचं मूल “भूभू गेला” म्हणालं, तर “भूभू नाही, डॉग म्हण” असं अडवू नये. “हो, पळाला भूभू, मांजरामागे पळाला” एवढं म्हटलं की त्याचंच वाक्य त्याला दोन पावलं पुढे वाढवून परत मिळतं. आणि हे घरच्या बोलीत व्हावं. आईला सहज येणाऱ्या भाषेतच चिडवणं, लाड आणि गोष्ट जमते, तोडक्यामोडक्या इंग्रजीत फक्त हुकूम देता येतात. वडिलांनाही हे सगळं लागू आहे. अंघोळ घालताना, गाडीवर पुढे बसवून नेताना त्यांच्याइतकी संधी कुणाला?

मोबाइलबद्दल पुष्कळ लिहिलं जातं, म्हणून थोडक्यात. दोन वर्षांखालच्या मुलांना पडद्यासमोर बसवू नये, त्यानंतर चार वर्षांपर्यंत दिवसाला फार तर एक तास, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलं आहे. मला आपल्या हातातल्या मोबाइलचीही तितकीच धास्ती वाटते, कारण मूल बोलतं तेव्हा आपली मान खाली असते.

बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला पानं, बिया, शंख-शिंपले घेऊन मुलांना बोलतं केलं. तो वारसा आपल्याच राज्यातला आहे. केंद्र सरकारनंही २०२४ मध्ये जन्म ते तीन वर्षांच्या बाळांसाठी ‘नवचेतना’ हा खेळ-संवादाचा आराखडा काढला. पण अंगणवाडी सेविकेचा वेळ वजन-उंची आणि मोबाइलवर माहिती भरण्यात जातो, आईपर्यंत यातलं फार थोडं पोचतं.

म्हणून एक साधी सूचना करते. लसीकरणाच्या दिवशी लस टोचल्यावर आईला बाळासह अर्धा तास थांबवून ठेवतात. त्या अर्ध्या तासात आया नुसत्या भिंतीला टेकून बसलेल्या असतात. तेवढ्यात सेविकेनं किंवा आशाताईंनी एखाद्या बाळाला मांडीवर घेऊन त्याच्या हुंकाराला हुंकार कसा द्यायचा, थांबायचं कसं, एवढं करून दाखवावं. यासाठी नवा निधी नको, नवं रजिस्टर तर नकोच. जिल्हा परिषदेच्या महिला व बालकल्याण आणि आरोग्य विभागांनी मिळून एक परिपत्रक काढलं तरी पुरे. आपल्या दैनिकानं हा विषय त्यांच्यापर्यंत पोचवावा, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त मुख्यसेविका
जि. सातारा