दोरीला बांधलेल्या पांढऱ्या पट्ट्या

आदरणीय काका,
साष्टांग नमस्कार.

माझं नाव तुमच्या लक्षात नसेल. मे महिन्यात एका भर दुपारी सहा माणसांसाठी तंबू बघायला आलेली आणि "पाणी आत येणार नाही ना नक्की?" असं तीन-तीनदा विचारणारी बाई, ती मी. परवाच आम्ही भंडारदऱ्याहून परत आलो. तंबू अजून गच्चीवर वाळतोय. त्याची घडी घालण्याआधी तुम्हाला लिहायचंच, असं ठरवलं होतं.

त्या दिवशी मी तुमच्याशी तुटक बोलले. त्यामागे आदल्या वर्षीचा राग होता. एका मोठ्या दुकानातून "दहा माणसांचा, कसल्याही पावसात चालतो" असं सांगून आम्हाला एक तंबू विकला होता. खोलीसारखा उंच, चारी भिंती उभ्या आणि वरचं पावसाचं कापड जेमतेम माथा झाकेल एवढं. वळवाचा पाऊस आडवा आला आणि अर्ध्या तासात अंथरुणं भिजली. फायबरची एक काठी मधोमध चिरली आणि तिच्या टोकानं कापड फाडलं. अंधारात गाडीकडे धावताना आईचा पाय ताणाच्या दोरीत अडकला. ती हातावर पडली, मनगट मोडलं. सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये.

वापरलेला तंबू परत घेत नाही म्हणाले, ते एक वेळ मान्य. पण "पावसात म्हाताऱ्या माणसाला न्यायचंच कशाला?" हे जे ऐकून घ्यावं लागलं, ते अजून सलतं. पावसात चालतो म्हणूनच तर घेतला होता.

आणि आईला का न्यायचं, ते कुणी विचारलंच नाही. तिचं माहेर अकोले तालुक्यातलं. पावसाळ्याच्या तोंडावर सादड्याच्या, हिरड्याच्या झाडांवर काजवे उतरतात, अख्खं झाड एका लयीत लुकलुकतं, हे ती आम्हाला लहानपणापासून सांगत आली. नातवंडांना ते तिला स्वतः दाखवायचं होतं. मनगट मोडलं तरी तिचा हट्ट मोडला नाही.

तुम्ही मात्र तंबू दाखवायच्या आधी माणसं विचारलीत. किती जण, वयं काय, कुणाचे गुडघे दुखतात, जागा कुठली. मग फडताळातला सगळ्यात महागडा, सगळ्यात उंच तंबू मी दाखवला, तर तो द्यायला तुम्ही चक्क नकार दिलात. "ताई, वारा दुप्पट झाला की त्याचा मार चौपट होतो. ही उभी भिंत म्हणजे शीड आहे," हे तुमचे शब्द. आठ जणांचा म्हणजे खांद्याला खांदा लावून आठ जण, माणशी जेमतेम दोन फूट, सामान बाहेर. सहा जणांना आठाचाच घ्या, हेही तुम्हीच सांगितलंत. शेवटी जो दिलात तो बोगद्यासारखा, दोन टोकांना दोन खोल्या, मधे आईला ताठ उभं राहता येईल एवढी जागा, आणि पावसाचं कापड चहूबाजूंनी जमिनीपर्यंत. जमिनीचं कापड तुम्ही बोटांनी चाचपून दाखवलंत, कडेनं वीतभर वर वळवलेलं. वरच्या कापडाला 3000 मिलिमीटर, म्हणजे तेवढ्या उंचीच्या पाण्याचा दाब न गळता सोसण्याची ताकद, पुरतं, पण खाली 5000 असावं, कारण गुडघा टेकला की तिथून पाणी दाबानं वर येतं, हे इतकं सोपं करून मला आजवर कुणीच सांगितलं नव्हतं.

पण काका, हे पत्र त्यासाठीही नाही.

आईच्या पडण्याची हकीकत मी सांगितली तेव्हा तुम्ही काही बोलला नाहीत. अरेरे नाही, बिचारी नाही. आत गेलात आणि मांडवाच्या कापडाची उरलेली पांढरी कात्रणं घेऊन आलात. खाली बसलात, चष्मा कपाळावर सरकवलात आणि कात्रीनं दोन-दोन बोटं रुंदीच्या पट्ट्या कापायला लागलात. तंबूच्या सगळ्या ताणाच्या दोऱ्या पिशवीतून काढून, प्रत्येक दोरीला गुडघ्याच्या उंचीवर एक आणि खुंटीजवळ एक, अशी पट्टी बांधलीत. गाठ सुटू नये म्हणून दोनदा ओढून पाहिलीत. मागे दोन गिऱ्हाईकं ताटकळत होती. तुम्ही त्यांना फक्त "आलोच" म्हणालात आणि शेवटची दोरी पूर्ण करूनच उठलात. मी पैसे विचारले तर हातानंच नको म्हणालात. "आजींना डोळ्यांना कमी दिसत असेल ना रात्री?" एवढंच विचारलंत. आईच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचं आहे, हे मी तुम्हाला सांगितलंही नव्हतं.

आता त्या रात्रीचं ऐका. धरणाच्या जलाशयापासून जरा आत, मागे टेकाडाचा आडोसा असलेली सपाट जागा आम्ही धरली. तंबूचं निमुळतं टोक पश्चिमेकडे, तुम्ही सांगितल्याप्रमाणे. मुरमात पातळ तारेच्या खुंट्या वाकतात म्हणून तुम्ही फूटभर लांबीच्या लोखंडी खुंट्या दिल्या होत्या, त्याच ठोकल्या. काजवे पाहून आलो, जेवलो. अकराच्या सुमाराला पाऊस सुरू झाला आणि पाठोपाठ वारा. तंबू कण्हत होता, वाकत होता, पण उभा होता. पहाटे लेकीनं घाबरून "गळतंय" म्हटलं, तेव्हा मीच तिला सांगितलं, हे सहा जणांच्या श्वासाचं पाणी आहे, वरची खिडकी उघड. तुमचेच शब्द.

त्याआधी साडेबाराला विजा चमकायला लागल्या होत्या. विजांत तंबूत थांबायचं नाही, गाडीत बसायचं, हे तुम्ही बजावलं होतं. म्हणजे पुन्हा तोच अंधार, तोच पाऊस, त्याच दोऱ्या आणि आई. माझ्या पोटात गोळा आला. यजमानांनी बॅटरी खाली धरली आणि त्या उजेडात तुमच्या पट्ट्या एकेक करून दिसायला लागल्या. पांढऱ्याशुभ्र, वाऱ्यावर फडफडणाऱ्या. आई त्या मोजत चालली. "ही एक. ही दुसरी." मोडलेल्या मनगटाचा हात माझ्या हातात होता आणि तो थरथरत नव्हता. गाडीत बसल्यावर पदरानं तोंड पुसत ती म्हणाली, "त्या माणसाला आई असणार घरात."

तासाभरानं विजा थांबल्या, आम्ही परत तंबूत गेलो आणि अंथरुणं कोरडी होती.

काका, गल्ल्यावर बसून माल विकणारी माणसं पुष्कळ भेटतात. पण विकलेल्या वस्तूपाशी उद्या रात्री कोण अडखळेल याचा विचार करणारी किती? असा विचार करणारा एक माणूस बाजारात असला, तर आपण आपल्या म्हाताऱ्या माणसांना घेऊन घराबाहेर पडू शकतो. मला त्या दुपारी हे कळलं नाही, म्हणून नीट आभारही मानले नाहीत. आज मानते आहे, डोळ्यांत पाणी आणून मानते आहे.

चिखलानं माखलेल्या पट्ट्या आईनं काल सोडून, साबण लावून धुतल्या आणि आज सकाळी दोन्ही हातांनी परत बांधल्या. तुमच्यासारखी गाठ तिला जमत नाही म्हणते. येत्या रविवारी आम्ही दोघी दुकानात येतोय. तंबूच्या दाराची चेन एका ठिकाणी अडकते, ती दाखवायची आहे, आणि आईला ती गाठ शिकायची आहे.

आपली नम्र,
भंडारदऱ्याला गेलेली ताई